कोरडं फडकं

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
तुझ्या मासोळीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. जिन्याची शेवटची पायरी चुकून तू पाय मोडून घेतलास, हे वाचून आधी काळजी वाटली आणि मग हसू आलं. राग मानू नकोस. तीस वर्षं बाळंतिणींना जिना जपून उतरा म्हणून दटावणारी सुईण स्वतःच पडली म्हणजे काय म्हणायचं? प्लास्टर सहा आठवडे राहणार, तर तोवर भाऊजींच्या हातचं जेवावं लागणार. त्याबद्दल मात्र तुझी खरी कीव येते.

इकडे सगळं ठीक. सातवा लागलाय. आधीचे दोन्ही चौथ्यातच गेले, त्यामुळे 'सातवा' हा शब्द आम्ही घरात दबक्या आवाजातच काढतो. आमचे घड्याळजी तर बोलतच नाहीत. घड्याळांच्या दुकानातून आले की माझ्याकडे एकदा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघतात आणि हातपाय धुवायला जातात.

तलावावर रोज जाते. डॉक्टरीणबाईंनी पोहायला हरकत नाही म्हटलंय, आणि मी तर नुसती छातीभर पाण्यात उभी राहते. मोठ्या माणसांचा वर्ग आहे, पाचच जण. त्यातले बेकरीवाले काका साठीचे आहेत आणि पाण्याला असे घाबरतात की काठाचा गज सोडवताना बोटं एकेक करून उघडावी लागतात. त्यांना पाठीवर तरंगायला शिकवतेय. मी पाठीखाली हात धरते, त्यांचं अंग सैल पडलं की हात हळूच खाली नेते. अजून जमलेलं नाही. कळलं की लगेच बुडतात.

एक गंमत सांगते. हल्ली मी वाळतच नाही. तलावातून येऊन दोन तास झाले तरी कपडे आपले ओलसर. परवा घड्याळजींनी विचारलं, खुर्चीवर पाणी कसं सांडलं. मी म्हटलं, मासोळीशी लग्न केलंत, आता भोगा.

पायाला जप. भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढीच विनंती.

तुझी,
मासोळी

दि. ७ फेब्रुवारी

चि. सौ. मासोळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोठ्या बहिणीला हसतेस ना, हस. प्लास्टरच्या आत खाज सुटली की भाऊजींची विणकामाची सुई घालून खाजवते, आणि ते चित्रकलेचे मास्तर असल्यासारखे लांब उभं राहून माझा कोन कसा चुकतोय ते सांगतात. काल त्यांनी भात केला. तो मी कापून खाल्ला.

तुझ्या न वाळण्याचं म्हणशील तर त्यात नवल काय? बाळ बरोबर लघवीच्या पिशवीवर ठाण मांडून बसलेलं असतं. शिंकलं की थेंब, हसलं की थेंब. सातव्यात सगळ्याच गळतात, आणि तू तर जन्माची ओली. पहिली चार वर्षं तुला कोरडी ठेवता ठेवता आईच्या नाकी नऊ आले होते, ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. खाली आवळून धरायचा व्यायाम रोज कर आणि खुर्चीवर टॉवेल टाकून बस.

भरपूर खा. दूध टाळू नकोस. आणि 'सातवा' मोठ्याने म्हण, काही होत नाही.

घड्याळजींना आशीर्वाद. थोरल्या बहिणीची आठवण ठेव, ती इथे खाटेवर तुझ्याच आठवणीत आहे.

तुझी,
ताई

दि. १२ फेब्रुवारी
इस्पितळ, दुसरा मजला

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन करायला लावणार होते, पण वॉर्डातला फोन मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर आहे आणि सगळ्यांदेखत मला बोलता येणार नाही. पत्रात निदान रडू पुसून लिहिता येतं.

मंगळवारी तलाव रिकामाच होता. तळाच्या फरश्या निघाल्यात, त्या बसवायच्या होत्या. वर्गाला सुट्टी दिली होती, पण कुठल्या फरश्या हलतात ते मला ठाऊक, म्हणून गवंड्याला दाखवायला मी शिडीने खाली उतरले. सकाळपासून पाण्याला स्पर्श नव्हता. अंगावर घरचे कोरडे कपडे. तलाव तीन दिवस उन्हात वाळून पांढराफटक पडला होता. मी खोल बाजूला वाकून खडूने खुणा करत होते आणि उठून पाहते तर मागे माझ्या पावलांचे ओले ठसे. शिडीपासून मी उभी होते तिथपर्यंत. अख्ख्या तलावात तेवढंच पाणी होतं आणि ते माझं होतं.

गवंड्याला काही कळलं नाही. कपडे सांभाळणाऱ्या मावशी वर काठावर उभ्या होत्या. त्यांनी ते ठसे पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं, आणि तिथेच खाली बसायला सांगितलं. हलू नका म्हणाल्या. घड्याळजी एप्रनवरच धावत आले.

तपासलं. पाण्याच्या पिशवीला वरच्या बाजूला कुठेतरी भोक पडलंय. एकदम फुटली नाही, म्हणून कळलं नाही. किती दिवस गळतंय ते सांगता येत नाही, पण आत पाणी फार कमी राहिलंय. आज अठ्ठाविसावा आठवडा पुरा झाला. बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन इंजेक्शनं दिली, जंतू होऊ नयेत म्हणून औषध चालू आहे. दर चार तासांनी ताप बघतात. ताप चढला, पाण्याला वास आला किंवा रंग हिरवा झाला, तर लगेच बाहेर काढावं लागेल. नाहीतर जितके दिवस आत राहील तितकं बरं. डॉक्टरीणबाई चौतीस आठवडे म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

ताई, मी जन्मभर पाण्यात राहिले आणि हे पाणी कशासाठी असतं ते मला माहीत नाही. इथे विचारलं की आराम करा म्हणतात. तू सांग. काही गाळू नकोस.

तुझं सात तारखेचं पत्र मंगळवारी सकाळी मिळालं होतं. ते पर्समध्येच होतं.

लोभ असू दे. या घटकेला त्याची फार गरज आहे.

तुझी,
मासोळी

दि. १६ फेब्रुवारी

चि. मासोळीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. भाऊजींना वाचून दाखवायला घेतलं आणि तलावापाशी कागद त्यांच्या हातात दिला, पुढचं त्यांनी वाचलं.

आधी माझं सांगते, नाहीतर बाकीचं लिहिता येणार नाही. माझ्या तपासणीच्या खोलीत एक नियम होता. बाईने नुसतं ओलं वाटतं म्हटलं, तरी आपल्या मनाने काही ठरवायचं नाही. तिला धुतलेलं पांढरं कोरडं फडकं द्यायचं, तास-दीड तास पडून राहायला सांगायचं, मग फडकं बघायचं. लघवी असेल तर पिवळट डाग आणि वास. पाणी असेल तर स्वच्छ, बिनरंगी, आणि उठल्याबरोबर आणखी. शंका राहिली तर थेट डॉक्टरकडे. नव्या नर्सनी त्या खोलीत अंदाजाने एखादीला घरी पाठवलं तर मी त्यांना फाडून खायची. एवढ्या वर्षांत एकाही बाईला मी फडक्यावाचून परत पाठवलं नाही. आणि माझ्या सख्ख्या बहिणीने खुर्ची ओली होते असं लिहिलं, तर मी तिला टॉवेल टाकून बस म्हटलं. परक्या बाईने ते वाक्य म्हटलं असतं तर मी ताडकन उठले असते. तुझं पत्र मी सुईण म्हणून वाचलंच नाही. मासोळीचं पत्र म्हणून वाचलं आणि हसले. याची मला क्षमा नको. फक्त तुला हे माझ्या हातचं लिहिलेलं मिळायला हवं.

आता पाण्याचं. ऐक.

वार पडली की ती पिशवी मी हातावर पसरून खिडकीच्या उजेडात धरायची. कुठे फाटली, एखादा तुकडा आत राहिला का, ते बघायला. पिशवी कसली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. दोन पदर असतात, एकमेकांना चिकटलेले. आरपार आपली बोटं दिसतात. पहिल्यांदा धरली तेव्हा मला खरंच वाटेना की नऊ महिने हिच्या भरवशावर सगळं चालतं.

आतल्या पाण्यात बाळ अधांतरी असतं. तू धडपडलीस, गाडीला धक्का बसला, तर तो आधी पाण्याला बसतो. नाळही पाण्यातच सुटी असते, म्हणून दाबली जात नाही. ऊब एकसारखी राहते. बाळ ते पाणी गिळतं, फुप्फुसात ओढतं आणि सोडतं. श्वास नव्हे तो, श्वासाची तालीम. त्या तालमीने फुप्फुसं वाढतात. हातपाय फेकायला जागा मिळते, म्हणून सांधे सैल राहतात. आणि पिशवी शाबूत असते तोवर बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत. आता ते दार किलकिलं झालंय, म्हणून एवढी तापाची राखण.

तू काही गाळू नकोस म्हटलंस, म्हणून हेही लिहिते. भोक कधीकधी बुजतं. बहुतेक वेळा बुजत नाही. पण पाणी म्हणजे एकदा भरून ठेवलेली घागर नव्हे. या महिन्यांत ते बहुतेक बाळाच्या लघवीचंच असतं. ती गिळते, पुन्हा करते. म्हणजे जेवढं जातंय त्याच्या पाठीमागे ती नवं करतेच आहे. (मी आपली 'ती' म्हणतेय. 'तो' निघाला तर माफी मागेन.) तू पोटभर पाणी पी आणि डाव्या कुशीवर पड. एवढंच तुझ्या हातात आहे.

सोबत पार्सल आहे. जुन्या चादरीची बारा फडकी, उकळून इस्त्री केलेली. आठ तुझ्या अंगाखाली घालायला. रोज सकाळी उजेडात बघ आणि रंग सिस्टरांना सांग. उरलेली चार वापरायची नाहीत. ती बाळाची.

पाय धड असता तर मी आत्ता तुझ्या उशाशी असते. लोभ मागायला मला आज तोंड नाही.

तुझी,
ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फडकी मिळाली. मोठ्या सिस्टरांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि कुणी पाठवली विचारलं. बहीण सुईण आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. तेव्हापासून सकाळी त्या स्वतः खिडकीपाशी फडकं उघडून बघतात. आजवर स्वच्छ. दोन दिवस किंचित गुलाबी होतं, मग पुन्हा स्वच्छ. आठ आलटून पालटून धुऊन येतात.

चार मी उशीच्या खोळीत आत सारून ठेवली आहेत. खरं सांगू? मला ती बघवत नाहीत. गेल्या वेळी मी एक झबलं शिवलं होतं, ते अजून कपाटात आहे.

तुझ्या पत्राचा मला राग आला. त्या टॉवेलवाल्या पत्राचा. दोन दिवस तुझं नाव मनात आलं की दात आवळले जायचे. वाटायचं, हिला सगळ्या जगासाठी फडकं आहे आणि माझ्यासाठी चेष्टा. मग तुझं दुसरं पत्र आलं आणि रागाला धरायला काही उरेना. कारण आता मलाही लिहावं लागणार.

मला माहीत होतं, ताई. माहीत म्हणजे डॉक्टरांसारखं नव्हे. पण वीस वर्षं पाण्यात काढलेल्या बाईला आपल्या अंगावरचं तलावाचं पाणी ओळखता येत नाही का? त्याला औषधाचा वास असतो, कातडी कोरडी खरखरीत होते. हे पाणी तसं नव्हतं. कोमट होतं आणि त्याला कसलाच वास नव्हता. जानेवारीच्या शेवटापासून मला ते कळत होतं. आधीच्या दोन्ही वेळी मी धावत डॉक्टरकडे गेले आणि दोन्ही वेळी त्यांनी यंत्र बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला. तिसऱ्यांदा तो हात मला नको होता. कुणी बोललं नाही तोवर सगळं ठीक होतं. म्हणून तुला लिहिताना मी ते मुद्दाम गंमत करून लिहिलं, तू हसून काही नाही म्हणावंस म्हणून. तू तसंच म्हटलंस. मी तुझ्याकडून जे मागितलं तेच मला मिळालं.

या मधल्या दिवसांत मी तलावात उतरत होते, फाटक्या पिशवीनिशी. हे डॉक्टरीणबाईंना मी काल सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. लवकर सांगितलंत तर बरं झालं असतं एवढंच म्हणाल्या, आणि औषध बदललं.

पाणी कमी झाल्यामुळे बाळाचं हलणं आता वेगळं लागतं. पूर्वी लाथ मऊ असायची, आता थेट टाच कळते. तालमीबद्दल तू लिहिलंस, ते मी पाठ केलंय. दुपारी वॉर्ड शांत झाला की मी तिला म्हणते, घे आत, सोड. घे आत, सोड. बेकरीवाल्या काकांना म्हणायचे तसं.

तेही काल येऊन गेले. पाव आणला होता. आपण अजून गज सोडलेला नाही, तुम्ही आल्यावरच सोडू, असं म्हणाले.

ताई, तू तोंड नाही म्हणालीस. आपण दोघी सारख्याच. तुझा लोभ मी मागून घेतेय, तूही माझा मागून घे.

तुझी,
मासोळी

दि. १ मार्च

चि. मासोळीस,
आशीर्वाद.

तू लिहिलंस ते वाचलं. वाचून तुझ्या पाठीत एक धपाटा घालावा आणि मग तुला जवळ घ्यावं असं झालं. दोन्हीला हात पुरत नाहीत.

भीतीने दार लावून बसलेल्या बायका मी शेकड्याने पाहिल्या. एकीलाही मी दोष दिला नाही, मग तुला कसा देऊ? आणि तू मला देत नाहीस, तर तो विषय आता इथे मिटला. पुन्हा काढलास तर भाऊजींचा भात पार्सलने पाठवीन.

तिसावा आठवडा पुरा होऊन वर तीन दिवस गेले. माझ्या वेळी तिशीच्या आधीची बाळं आम्ही फार गमावली. तिशीनंतरच्यांनी झुंज दिली. एवढंच खात्रीने सांगते, याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईल.

उशीच्या खोळीतली चार फडकी बाहेर काढून ठेव. बघायची नसतील तर बघू नकोस, पण हाताशी असू देत.

प्लास्टर बारा तारखेला निघेल. तोवर धीर धर, आणि बहिणीवर जीव असू दे.

तुझी,
ताई

दि. ९ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घालावी.

काल सकाळी सहाला तिला ताप चढला. सातला १०१ झाला. बाळाचे ठोके फार जलद लागत होते. दहा वाजून बारा मिनिटांनी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. एकतीस आठवडे तीन दिवस. वजन एक किलो चारशे ऐंशी ग्रॅम. रडली नाही, आधी नुसती कण्हली. लगेच काचपेटीत नेऊन श्वासाचं यंत्र लावलं. तिची आई ग्लानीत आहे, ताप उतरतोय. मुलीबद्दल पहिले तीन दिवस काही सांगता येत नाही म्हणतात.

मी काचेबाहेर उभा होतो. माझ्या दुकानातल्या सगळ्यांत बारीक घड्याळाचा आवाजसुद्धा मी कान लावून ओळखतो. तिचा काचेतून येत नाही. पडद्यावर आकडा दिसतो, तो बघत बसलो.

तिच्या आईने शुद्धीवर येताच उशाशी चार फडकी आहेत ती आत द्या म्हटलं. दिली.

आपण याल तेव्हा आधार होईल. कृपा असावी.

आपला,
घड्याळजी

दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला अजून आठ दिवस प्रवास नको म्हटलं, ते कळलं. म्हणून बसून सविस्तर लिहितेय. टाके ओढतात, अक्षर वाकडं येईल.

श्वासाचं यंत्र आठव्या दिवशी काढलं. त्यानंतर दोनदा ती श्वास विसरली. तळपायाला बोट लावून आठवण द्यावी लागली, मग घेतला. गेल्या दोन दिवसांत विसरलेली नाही. नळीने माझं दूध जातं, एका वेळी दोन चमचेसुद्धा नाही. धोका टळला असं कुणी म्हणत नाही. पण डॉक्टरीणबाई आता बोलताना माझ्याकडे बघतात.

आता जे सांगायला बसले ते सांगते. यंत्र काढल्यावर तिला सपाट गादीवर ठेवली आणि ती अस्वस्थ झाली. हात दोन्हीकडे फेकायची, बोटं फाकायची, काही सापडेना की दचकायची आणि रडायची. आवाज फुटत नाही अजून, नुसतं तोंड उघडतं. मी काचेबाहेर बसून बघत होते आणि मला ते ओळखीचं वाटलं. गज सुटल्यावर काका अगदी असेच करतात. मला वाटलं होतं पिशवी म्हणजे पाणी. पाण्याच्या कडेला काही असतं, त्याचा विचार मी केलाच नव्हता. तिला सात महिने हात लांब केला की कुठेतरी लागायचं. आता लागतच नव्हतं.

मग बालकक्षातल्या सिस्टर आल्या. त्यांनी तुझी चार फडकी वाफेच्या डब्यातून काढून आणली होती. एकेक घट्ट गुंडाळून वळकटी केली आणि तिच्याभोवती मांडली. डोक्यामागे एक, दोन्ही बाजूंना एकेक, चौथी पायाशी. मला म्हणाल्या, हात घाला आत, शेवटची तुम्ही सारा.

मी सारली. तिने पाय लांब केला. टाच फडक्याला लागली. ती थांबली, पुन्हा एकदा दाबून बघितलं, जसं माझ्या बरगडीखाली दाबायची तसं. मग गुडघा पोटाशी घेतला, मूठ गालाशी नेली आणि झोपली.

ताई, तुझी चूक आणि माझी चूक, दोन्ही मला आयुष्यभर आठवतील. पण आज तिच्या चारही बाजूंना तूच आहेस. लवकर ये. येताना एक जुनी चादर घेऊन ये, ही फडकी धुवायला काढली की तिच्याभोवती मांडायला काही उरत नाही.

तुझी,
मासोळी